अग्निबाणाच्या अंगावरचा डोळा

अग्निबाण आकाशात उडतानाचे चित्र आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा पाहिले असेल. खाली धुराचे लोट, वर ज्वाळा, आणि बघता बघता ठिपका होऊन दिसेनासा झालेला बाण. पण तोच प्रवास बाणाच्या अंगाला चिकटून बसल्यासारखा पाहता आला तर? अलीकडे मला तशी एक चित्रफीत मोबाईलवर पाहायला मिळाली. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या स्पेस शटल यानाच्या बूस्टरवर जे कॅमेरे बसवले होते, त्यांनी ती टिपलेली आहे. पाहायला बसलो ते नवल म्हणून. पण हे कॅमेरे तिथे का बसवावे लागले हे जेव्हा वाचले, तेव्हा मन गंभीर झाले. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

स्पेस शटल १९८१ पासून २०११ पर्यंत १३५ वेळा उडाले. पंख असलेले विमानासारखे यान, त्याच्या पोटाला नारिंगी रंगाची प्रचंड टाकी, आणि टाकीच्या दोन बाजूंना दोन पांढरे बूस्टर, अशी त्याची रचना होती. बूस्टर म्हणजे यानाला वर ढकलणारा जोडबाण. त्याची उंची सुमारे दीडशे फूट. एकेका बूस्टरमध्ये सुमारे ५,००० क्विंटल घट्ट इंधन ठासून भरलेले असे. उडतेवेळी लागणाऱ्या जोरापैकी चार-पंचमांशाहून अधिक जोर हे दोघेच देत. दिवाळीतला बाण एकदा पेटला की विझवता येत नाही, तशीच यांची गत. आणि एवढे सगळे इंधन अवघ्या दोन मिनिटांत जळून जाई.

आता चित्रफितीत काय दिसते ते पाहा. सुरुवातीला नुसता गडगडाट आणि थरथराट. खालची जमीन पाहता पाहता लांब जाते, किनारा नकाशासारखा दिसू लागतो, ढग खाली राहतात. दोन मिनिटे होतात न होतात तोच एक झटका बसतो आणि बूस्टर यानापासून सुटतो. तेव्हा तो जमिनीपासून सुमारे ४५ किलोमीटर उंच असतो. यान आपली शेपटी पेटवून पुढे निघून जाते, आणि दुसरा बूस्टर बाजूला गिरक्या घेताना दिसतो. दिवस असूनही आकाश काळेभोर. कॅमेऱ्याबरोबर आवाज टिपायचीही सोय काही वेळा केलेली होती. त्यात त्या पोकळ लोखंडी नळकांड्याची कुरकुर ऐकू येते, जशी रात्री थंड होणाऱ्या पत्र्याची येते. सुटल्यावरही तो वेगाच्या भरात आणखी वीसएक किलोमीटर वर चढतो, मग खाली येऊ लागतो. हवा दाट होते तसा वाऱ्याचा आवाज वाढतो. शेवटी तीन मोठ्या छत्र्या उघडतात आणि बूस्टर अटलांटिक महासागरात धाडकन पडतो. हिरवे पाणी, बुडबुडे, आणि मग शांतता. उड्डाणापासून इथवर सहा-सात मिनिटे.

हे सारे विलक्षण आहेच. पण हा डोळा मौजेसाठी बसवलेला नव्हता. त्याच्यामागे चौदा माणसांचे मरण आहे.

पहिला घाव बसला तो २८ जानेवारी १९८६ रोजी. बूस्टर हा एकसंध नसे. पाइपला पाइप जोडावा तसे त्याचे भाग एकमेकांना जोडत. त्या जोडांत रबरी कडी असत, आपल्या पंपाच्या जोडात वॉशर असतो तशा. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. रबर थंडीने कडक झाले, उजव्या बूस्टरच्या एका जोडातून तापलेला वायू बाहेर आला आणि उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर यान सात जणांसह नष्ट झाले. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांसमक्ष दाखवला. दुःख याचे की काही इंजिनियरांनी आदल्या रात्रीच या थंडीत उड्डाण करू नका असे सांगितले होते.

दुसरा घाव आपल्याही काळजाला लागलेला आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले. त्यात हरियाणातल्या कर्नालची लेक कल्पना चावला होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी नारिंगी टाकीवरच्या फोमचा एक तुकडा निखळला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. वजन किलोभरही नाही. पण वेग भयंकर. जमिनीवरच्या कॅमेऱ्यांनी हे टिपले, पण ज्या कॅमेऱ्यातून सर्वांत चांगले दिसायचे त्याचेच चित्र धूसर आले. पंखाला किती इजा झाली ते कळेना. यान अवकाशात फिरत असताना त्याची छायाचित्रे काढून घ्यावीत अशी मागणी इंजिनियरांनी केली, ती पुढे गेलीच नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी परत येताना यान टेक्सासच्या आकाशात भंगले. कल्पना चावलासह सात जण गेले. नंतर चौकशीत तसाच फोमचा तुकडा वायूच्या तोफेतून पंखाच्या भागावर मारून पाहिला, तेव्हा त्याला मोठे भगदाड पडले.

त्यानंतर ठरले की लांबून पाहणे पुरेसे नाही. जिथे इजा होण्याची भीती, तिथेच डोळा हवा. मग टाकीवर आणि बूस्टरवर कॅमेरे बसवले. टाकीवरचा कॅमेरा चित्र लगेच खाली पाठवी. बूस्टरवरच्या कॅमेऱ्यांची चित्रे मात्र बूस्टरबरोबरच समुद्रात पडत. ‘लिबर्टी स्टार’ आणि ‘फ्रीडम स्टार’ ही दोन जहाजे किनाऱ्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत वाट पाहत असत. पाणबुडे बूस्टरचे तोंड बंद करून त्यात हवा भरत, तो पाण्यावर आडवा होई, मग त्याला ओढून किनाऱ्याला आणत. त्याचे भाग पुन्हा वापरले जात, पण त्याआधी ते आणि ती चित्रे दोन्ही बारकाईने तपासत.

२६ जुलै २००५ रोजी नव्या कॅमेऱ्यांसह पहिले यान उडाले, आणि टाकीवरच्या कॅमेऱ्याने दाखवले की फोमचा मोठा तुकडा पुन्हा निखळला आहे! सुदैवाने तो यानाला लागला नाही. ‘या वेळी निभावले ना, मग चालू द्या’ असे म्हणता आले असते. पण तसे कोणी म्हटले नाही. पुढचे उड्डाण झाले ते थेट ४ जुलै २००६ रोजी. मला या सगळ्या हकिकतीत हेच सर्वांत मोठे वाटते. कॅमेरा बसवणे सोपे. त्याने दाखवलेले मान्य करून काम थांबवणे कठीण.

आपल्या देशाच्या अग्निबाणांवरही आता असे डोळे आहेत. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच बाणाने १०४ उपग्रह सोडले, ते इस्रोने बाणावरच्या कॅमेऱ्यातून साऱ्या जगाला दाखवले. आणि इस्रोच्या बूस्टरची पोलादी कवचे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरलाही तयार होतात, जिथे साखर कारखान्यांची यंत्रे घडवली जातात. उसाच्या शिवारातल्या माणसांचा हात त्या कामाला लागलेला आहे.

तेव्हा वाचकहो, ही चित्रफीत मिळाली तर मुलांना जवळ घेऊन अवश्य पाहा. पण त्यांना एवढे जरूर सांगा, की बांधावर उभे राहून पीक हिरवेच दिसते. कीड पाहायची तर सरीत उतरून पान उलटावे लागते, आणि दिसली तर त्याच दिवशी कबूल करावी लागते.