उघडता येईल असा सांधा

आषाढ लागला की आमच्या ओटीवर माणसं यायची. कुणाचं मागचं दार लागेना, कुणाच्या देव्हाऱ्याचा खण अडकलेला. माझे वडील, आबा, सुतार होते. ते त्यांच्याबरोबर लगेच निघत, पण रंधा घरी ठेवून. दारावरून हात फिरवत, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बोट घालून बघत, चहा घेत आणि सांगत, "दिवाळीनंतर बोलवा. तेव्हाही अडलं तर घासू." बहुतेकांचं बोलावणं परत यायचंच नाही, दार तोवर आपसूक मोकळं झालेलं असे. या फेरीचे पैसे ते घेत नसत. आईला ते पटायचं नाही, घर तिला चालवायचं होतं. आबांचं उत्तर ठरलेलं, "काम केलंच नाही, तर पैसे कसले?"

आमच्या भागातले कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके घाटाच्या पायथ्याशी. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला राजमाची. वर्षाचा साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, आणि एप्रिल-मेमध्ये लाकूड तडकेल असं ऊन पडतं. अशा हवेत लाकूड स्वस्थ बसत नाही. लांबीला ते जवळपास तेवढंच राहतं, रुंदीला मात्र फुगतं आणि आकसतं. त्यातही ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाने काढलेली फळी गाभ्यातून आरपार काढलेल्या फळीपेक्षा साधारण दुप्पट हलते. जुलैत घासून मोकळं केलेलं दार मार्चमध्ये हमखास फट दाखवतं. म्हणून आबा दाराचं पॅनल चौकटीच्या खोबणीत सैल बसवायचे. खिळा नाही, सरसही नाही. पॅनलने आतल्या आत फुगावं, आकसावं, चौकटीला त्याचा ताण लागता कामा नये.

सुताराचा मुलगा म्हणून मी पटाशी लवकर धरली, पण आबांचं काम मला कळलं ते त्यांच्या खुंट्यांमुळे. खांबावर तुळई बसवताना खांबाच्या डोक्यावर कूस काढतात आणि तुळईला तिच्या मापाची खाच. मग दोन्हींतून आरपार भोक पाडून लाकडी खुंटी मारतात. आबा आधी फक्त खाचेला भोक पाडत, कूस आत बसवत, भोकाची खूण कुशीवर घेत आणि कूस पुन्हा बाहेर काढत. कुशीतलं भोक ते त्या खुणेवर पाडत नसत. गिरमिट अर्धा सूत खाली, खांबाच्या खांद्याकडे सरकवून लावत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचा अर्धा. आता सुकलेल्या बाभळीची निमुळती खुंटी ठोकली की ती किंचित वाकत पुढे जाते आणि तुळईला खांबावर आवळून घेते. पावसाळ्यात खुंटी ओल धरून फुगते, सांधा आणखी घट्ट होतो. असा सांधा माणसाच्या आयुष्याला पुरून उरतो.

एवढं जमवणारे सुतार आमच्या भागात पुष्कळ होते. आबांचं वेगळेपण पुढे आहे. खुंटीचं पलीकडे निघालेलं टोक ते तासून सपाट करत नसत, बोटभर बाहेर ठेवत. पुढेमागे कुणाला तुळई उतरवायची झाली तर त्या टोकावर उलट्या बाजूने दोन ठोके द्यायचे, खुंटी बाहेर. मी नवीन काही जोडायला घेतलं की ते आधी विचारत, "हे उघडायचं कसं, ते सांग." उत्तर आलं नाही तर काम थांबायचं. लोखंडी खिळ्यावर त्यांचा राग होता तो यासाठीच. ऐनासारख्या लाकडात खिळा गंजला की भोवती काळा डाग पसरतो, तिथलं लाकूड सडतं आणि उपसायला गेलं की फळी चिरते. घर बांधणाऱ्याने पुढच्या सुताराचे हात बांधून ठेवू नयेत, असं त्यांना मनापासून वाटे. आजही मला सुतारकामातलं यापेक्षा मोठं शहाणपण माहीत नाही.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी पात्र सोडून कर्जतच्या सखल भागात शिरली, तेव्हा याचा पडताळा आला. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या घरांतून प्लायवूडची दारं पापुद्रे सुटून बाहेर फेकली जात होती. सागाची जुनी दारंही लोक फेकायला निघाले होते. आबा घरोघर जाऊन ती थांबवत होते. आम्ही खुंट्या काढून दारं सुटी केली, धुतली, आणि मधे रिपा घालून सावलीत रचली. टोकांना शेणाचा लेप दिला, कारण फळीची टोकं मधल्या भागाआधी सुकतात आणि तडे तिथूनच जातात. घरमालकांना घाई होती, दाराशिवाय राहायचं कसं? चुलीपाशी सुकवा, उन्हात टाका, असं जो तो सांगत होता. आबांनी दारांना गोणपाटं लावून दिली, पण लाकडाला ऊन दाखवलं नाही. हिवाळ्यात दारं पुन्हा जोडली. त्यातली बरीचशी अजून वापरात आहेत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला तशी खालापूरकडच्या जमिनींना गिऱ्हाइकं आली आणि जुनी कौलारू घरं उतरवायची कामं वाढली. आबा गेल्यानंतर त्यांच्या हातची घरंही माझ्याकडे आली. प्रत्येक वाशावर आणि खांबावर पटाशीने कोरलेल्या रेघा असतात, कोणती कूस कोणत्या खाचेची ते सांगणाऱ्या. आबांच्या रेघा जरा तिरप्या. ते डावखुरे होते.

घरच्यांसाठी त्यांनी फार वस्तू केल्या नाहीत, वेळच नसे. संध्याकाळी मात्र ते जेवायला घरीच असत आणि नातवंडं आली की रंध्याचा भुसा झाडायच्या आधी त्यांना मांडीवर घेत. थोरली बहीण जन्मली तेव्हा केलेला पाळणा तेवढा आहे. लाकूड शिवणीचं, हलकं आणि कमी हलणारं. चार बाजू, तळाची फळी आणि सगळे सांधे पाचरींचे. पाचरी काढल्या की पाळणा गोणीत मावतो. त्याच गोणीतून तो कर्जत लोकलने डोंबिवलीला गेला, बदलापूरला गेला, वाडीतल्या किती बारशांना गेला ते आईलाच ठाऊक. एक पाचर कुठेतरी हरवली, ती मी बाभळीची नवी केली. सध्या पाळणा नेरळला भाचीकडे आहे. तिचं बाळ आता कुशीवर वळायला लागलंय, म्हणजे महिन्याभरात तो मोकळा होईल. पुढचं बोलावणं चौकहून आलेलं आहे.