निघून जाणाऱ्याची सोय

ब्रॅड फिट्झपॅट्रिकने २००५ साली लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेसाठी ओपनआयडी हे लॉगिनचं मानक तयार केलं, तेव्हा त्यात फारशी कुणाच्या लक्षात न आलेली एक सोय होती. तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्या एचटीएमएलमध्ये, हेडच्या आत, दोन लिंक टॅग टाकायचे. एकात तुमची ओळख पटवून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, दुसऱ्यात त्या सर्व्हरवरचं तुमचं खातं. एवढं केलं की जगाला तुम्ही तुमच्याच पत्त्यावरून ठाऊक, आणि पासवर्ड सांभाळायची कटकट मात्र दुसऱ्याच्या गळ्यात. तो सर्व्हर नकोसा झाला तर दोन ओळी बदलायच्या. तुम्ही जिथे जिथे लॉगिन केलं होतं, तिथे कुणाला याची गंधवार्ताही नसते.

१ फेब्रुवारी २०१४ ला अशी ओळख पटवून देणारी मायओपनआयडी ही सेवा बंद झाली आणि या दोन ओळींची किंमत कळली. ज्यांनी त्या टाकल्या होत्या, त्यांनी मुकाट्याने दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं. बाकीच्यांचा पत्ताच मुळी मायओपनआयडीच्या डोमेनखाली. त्यांना एकेका साइटला ‘तो मीच’ हे नव्याने पटवत बसावं लागलं.

सोशल वेबसाठी खुली मानकं लिहिण्याच्या या कामात मला तेव्हापासून एक खोड लागली आहे. नवा आराखडा हातात आला की लॉगिनचं प्रकरण बाजूला ठेवायचं आणि माणूस निघून जायला लागला तर काय होतं, ते आधी शोधायचं. बहुतेक वेळा ते शेवटाकडे असतं, आणि घाईघाईत उरकलेलं असतं. येणाऱ्याच्या स्वागताला सगळे तयार असतात. जाणाऱ्याचं कुणी बघत नाही.

या कामात कोड लिहिणं कमी आणि शब्दांवरून वाद घालणं जास्त. बैठका कॅलिफोर्नियाच्या सकाळी, म्हणजे पुण्यात रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतात. सासूबाई झोपायला जाताना दाराशी थांबून विचारतात, “झालं का गं तुमचं भांडण?” भांडण बहुधा एखाद्या ‘मस्ट’ आणि ‘शुड’वरून चाललेलं असतं. १९९७ च्या आरएफसी २११९ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने हे शब्द पक्के बांधून दिले आहेत. ‘मस्ट’ म्हणजे सुटका नाही. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम पूर्ण ठाऊक असतील तर सूट आहे. आता सबळ कारण कुणाकडे नसतं?

एखाद्या ॲपला आपल्या खात्यात शिरायची परवानगी देणाऱ्या ओऑथ या मानकाचंच बघा. एखादं ॲप तुम्हाला तुमच्या सर्व्हरकडे पाठवतं, तिथे तुम्ही ‘हो’ म्हणता, आणि सर्व्हर एक कोड हाती देऊन तुम्हाला ॲपच्या पत्त्यावर परत धाडतो. तो पत्ता खरंच त्या ॲपचा आहे ना, यावर सगळा डोलारा उभा. नोंदवलेला पत्ता ‘अमुक डॉट कॉम’ आहे, आणि आलेला पत्ता त्याच अक्षरांनी सुरू होतो एवढंच सर्व्हरने पाहिलं, तर ‘अमुक डॉट कॉम डॉट तमुक डॉट नेट’ही आत घुसतो आणि कोड चोराच्या हाती जातो. ऑक्टोबर २०१२ मधल्या आरएफसी ६७४९ने ॲपकडून पूर्ण पत्ता नोंदवून घ्यायला सांगितलं होतं, पण ‘शुड’ म्हणून. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७००ने अक्षर न् अक्षर जुळलंच पाहिजे, असं बजावलं. तिथेही एक फट ठेवावी लागलीच: मोबाइल किंवा डेस्कटॉपवरची ॲप्स स्वतःच्याच यंत्रावर, लोकलहोस्टवर, कोड घेतात तेव्हा पोर्ट क्रमांक बदलला तरी चालतो. मधल्या बारा वर्षांत त्या एका ‘शुड’ने किती जणांची झोप उडवली असेल, देव जाणे.

ओपनआयडी मात्र असल्या बारकाव्यांमुळे मागे पडलं नाही. लॉगिनच्या चौकटीत स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता लिहा, असं आपण लोकांना सांगत होतो. फेब्रुवारी २०१० मध्ये रीडराइटवेब या तंत्रज्ञानविषयक ब्लॉगवर फेसबुकच्या लॉगिनविषयी एक लेख आला. गूगलवर ‘फेसबुक लॉगिन’ असं शोधणारे असंख्य लोक थेट त्या लेखावर येऊन थडकले आणि हे नवं फेसबुक कसलं, आम्हाला आत सोडा, म्हणून चिडले. आमच्या वर्तुळात त्यावर पुष्कळ हसू झालं. मला ते हसू आवडलं नव्हतं. ब्राउझरमधली पत्त्याची पट्टी बहुतेकांच्या लेखी नसतेच, आणि आपली सगळी रचना त्या पट्टीवर उभी होती. फेसबुकचं निळं बटण जिंकलं ते त्यामुळे.

आता सोशल वेबची दुसरी फेरी चालू आहे. वेगवेगळ्या सर्व्हरना आपसात बोलू देणारं ॲक्टिव्हिटीपब जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेची शिफारस झालं. त्यावर चालणाऱ्या मॅस्टोडॉनमध्ये तुमचं नाव सर्व्हरच्या नावासकट असतं. ते आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखं दिसतं, पण तसं नाही. गाव धरणात गेलं तरी आडनाव टिकतं. इथे सर्व्हर बुडाला की नावही बुडालं. खातं हलवायची सोय आहे. नव्या खात्यावर जुन्याचा उल्लेख करायचा, मग जुना सर्व्हर सगळ्या अनुयायांच्या सर्व्हरना ‘हे तिकडे गेले’ म्हणून कळवतो. अनुयायी मागोमाग येतात, लिहिलेलं मात्र तिथेच राहतं. आणि मुख्य म्हणजे ज्याला सोडून चाललो त्यानेच निरोप पोहोचवायचा! तो एका रात्रीत बंद पडला तर निरोप द्यायला कोण उरतं?

ब्लूस्कायच्या एटी प्रोटोकॉलने नाव आणि ओळख वेगळी केली. नाव म्हणजे डोमेन, त्याच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद टाकली की ते तुमचं. खाली असतो तो डीआयडी, अक्षरं नि आकड्यांची एक न बदलणारी माळ. नाव बदला, सर्व्हर बदला, माळ तीच. त्या जुन्या दोन ओळींचीच ही पुढची पिढी आहे असं मी मानते, आणि म्हणून मला तिचं कौतुक आहे. पण या माळांची नोंदवही आजवर ब्लूस्कायच्या कंपनीनेच सांभाळली आहे. सर्व्हरच्या परवानगीशिवाय निघून जायचं असेल तर एक किल्ली स्वतःजवळ असावी लागते. ती काढून ठेवणारे थोडेच. उरलेल्यांचं दार पुन्हा दुसऱ्याच्याच हाती.

सध्या माझ्या डोक्यात आहे तो डोमेनची वर्षाची फी भरायला विसरलेला माणूस. त्याचं डोमेन सुटतं, दुसरा कुणी ते घेतो. ओपनआयडी २.० मध्ये नाव असं फिरून दुसऱ्याकडे जाण्यावर एक तोड होती, पत्त्याच्या शेवटी वेगळा तुकडा जोडण्याची. ती खात्यांची नावं पुन्हा वाटणाऱ्या मोठ्या सेवांच्या कामाची; ज्याचं आख्खं डोमेनच गेलं त्याच्या नाही. डीआयडीमुळे निम्मा प्रश्न सुटतो: नव्या मालकाला नाव मिळतं, अनुयायी मिळत नाहीत. पण ओळखीचं नाव वाचून त्याच्यावर विश्वास टाकणारा वाचक उरतोच, आणि त्याच्यासाठी लिहिलेला धड परिच्छेद मला अजून कुठल्या आराखड्यात सापडलेला नाही. माझ्या मसुद्यात त्या जागी तूर्त ‘शुड’ आहे.