आमची चक्री करवत

जुनी वस्तु स्वस्त पडते, अशी एक समजूत आम्हां पांढरपेशा कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती अगदींच खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं; परंतु विकणाऱ्याच्या हातीं पैसे ठेवले कीं किंमत फिटली असें जो मानतो, तो फसतो. हें ज्ञान आम्हांस ज्या रीतीनें झालें, ती हकीकत इतर हौशी मंडळींच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें सांगतों.

आमचें घर चंद्रपुरांतलें. वडिलोपार्जित वाड्याची मागील पडवी जीर्ण झाल्यामुळें उतरविली, तेव्हां तिचे सागवानी वासे, तुळया आणि फळ्या यांचा ढीग अंगणांत पडला. सागवान म्हणजे आमच्या मुलखाचें वैभव. आलापल्लीजवळील जुन्या वनाचा एक भाग २०१४ सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ च्या मार्चांत सागवान गेलें, तें बल्लारपुराहूनच. असें लाकूड चुलींत घालणें हें पाप, असें मातोश्रींचें मत. आमची पुतणी पहिल्या बाळंतपणासाठीं दिवाळीपूर्वीं माहेरीं यावयाची होती. तेव्हां याच लाकडाचा पाळणा आपल्या हातांनीं करावयाचा, असें आम्हीं ठरविलें.

धाकट्या बंधूंनीं आपली गाडी विकल्यामुळें मोटारखाना रिकामाच होता. एका बंद पडलेल्या कारखान्यांतून १० इंची चक्री करवत, तिचें बिडाचें टेबल व विजेची मोटार असा सगळा संच आम्हीं घेतला. मात्र ती घरीं आणण्यापूर्वीं वनखात्याच्या कचेरींत जाऊन रीतसर विचारणा केली, व वाडा उतरविल्याचे कागद जपून ठेवले. जंगलाच्या जिल्ह्यांत करवतीचा आवाज कोणासही निरुपद्रवी वाटत नाहीं, आणि तें योग्यच आहे. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला होता. हौस झाली तरी ती कायद्याच्या आंतच शोभते.

पहिले आठ दिवस साफसफाईंत गेले. टेबलावरील गंज रॉकेल व पॉलिश कागद यांनीं काढला, आणि पुन्हां दमट हवेनें गंजूं नये म्हणून वर मेणाचा हात दिला. पट्टा भेगाळला होता, तो बदलला. मोटारीला जमिनीची तार जोडून घेतली. आमच्याकडे वीज जाणें-येणें नेहमींचेंच. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप फिरूं लागूं नये, म्हणून पुन्हां दाबल्यावांचून चालू न होणारें बटण बसविलें. वाशांतील जुने खिळे लोहचुंबक फिरवून शोधले व उपटून काढले.

मदतीला एक वृद्ध मिस्त्री येत असत. त्यांनीं यंत्रावर एकदां नजर फिरविली आणि पहिलाच प्रश्न केला, “भाऊ, चक्राच्या मागचं पातं कुठं आहे?” आम्हीं म्हटलें, “मिळालेंच नाहीं. त्यावांचून काय अडतें?” मिस्त्री म्हणाले, “ते बसवल्याबिगर लाकूड लावू नका.” आम्हांस हा म्हाताऱ्याचा बाऊ वाटला.

खंडेनवमीस मातोश्रींनीं करवतीला हळदकुंकू वाहिलें. तेव्हां बंधु हंसून म्हणाले, “दादा, तुमची करवत नुसती पूजेलाच लागली आहे!” तें वाक्य आम्हांस झोंबलें. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आले नव्हते. आम्हीं एक वासा घेतला, यंत्र सुरू केलें आणि तो पुढें सारूं लागलों.

अर्धा वासा चिरला नाहीं तोंच मोठा आवाज झाला, आणि हातांतलें लाकूड नाहींसें झालें! तें आमच्या बरगडीजवळून जाऊन मागच्या दाराच्या फळींत रुतलें होतें. त्याच दारापाशीं पाट मांडून मातोश्री रोज दुपारीं वाती वळीत बसत. त्या दिवशीं त्या नुकत्याच देवघरांत गेल्या होत्या. पाट तेथेंच होता, वातींचें तबक तेथेंच होतें. आम्हीं यंत्र बंद केलें, आणि कितीतरी वेळ आमच्यानें कोणाकडे पाहवलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं कारण समजावून दिलें. लाकडाच्या अंगांत जन्मभराचा ताण असतो. तें चिरलें कीं त्याचीं दोन अंगें कधीं फांकतात, कधीं मिटतात. मिटलीं कीं चक्र चिमटतें, आणि चक्राचे मागचे वर उठणारे दात लाकूड उचलून चालविणाऱ्याच्या अंगावर फेंकतात. मागचें पातें ती फट मिटूं देत नाहीं. तें चक्राच्या पत्र्याहून जाड, पण दातांनीं पाडलेल्या फटीहून पातळ असावें लागतें. तसें आम्हीं करवून घेतलें.

मग एका दातावर खडूची खूण करून, टेबलावरील खांचणीपासून त्याचें अंतर पुढें व मागें मोजलें. मागें एक मिलिमीटर कमी भरलें. म्हणजे चक्रच तिरपें होतें! खालचे बोल्ट सैल करून तें सरळ केलें. लाकूड टेकविण्याची पट्टीही त्याच खांचणीशीं समांतर लावली. या सर्वाला एक सकाळ पुरली. ती सकाळ वांचविण्यासाठीं आम्ही काय गमावून बसलों असतों, याचा विचार आजही नको वाटतो.

पुतणी आली तेव्हां पाळणा तयार होता. आतां करवत चालू असतां मागें कोणीही उभें राहूं नये असा घरांत दंडक आहे, आणि तो प्रथम आम्हांस लागू आहे. दाराच्या फळींतील तो खड्डा बुजवावा असें आमच्या मनांत होतें. परंतु मातोश्रींनीं तो तसाच ठेवावयास सांगितला आहे. जुनें यंत्र घेतांना त्यांत काय आहे हें सारेच पाहतात. त्यांत काय नाहीं हें विचारणारा एखादा म्हातारा मिस्त्री भेटला, तर त्याचें ऐकावें, एवढीच आमची विनंती आहे.