सहा आठवडे

आजार म्हटला की ताप, खोकला आणि दोन-चार दिवसांची सुट्टी, एवढेच मला ठाऊक होते. गळ्याशी फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते आणि ती मंदावली की सारे शरीरच मंदावते, हे कळले ते दोन वर्षांपूर्वी. तासाला डोळे मिटत, वैशाखातही हातपाय गार पडत, कंगव्यात केसांचे पुंजके येत. घरचे म्हणत, "अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!" रक्त तपासले तेव्हा त्या कंटाळ्याचे खरे नाव निघाले : हायपोथायरॉईडिझम.

रोज सकाळी एक गोळी सुरू झाली, 50 मायक्रोग्रॅमची. वर्षभर बरे गेले. मग पुन्हा तीच मरगळ. धुळ्याच्या डॉक्टरांनी टी.एस.एच.चा आकडा पाहून मात्रा 75 केली आणि म्हणाले, "सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू."

सहा आठवडे! परीक्षा तर महिन्यावर आलेली. दहा दिवस वाट पाहिली, थकवा तसाच. मग मी शहाणपणा केला. कुणालाही न सांगता 100 घेऊ लागले. परीक्षा आली तोवर छातीत धडधड, रात्री झोप नाही. मराठीच्या पेपराला हात असा थरथरू लागला की माझे अक्षर मलाच ओळखू येईना. त्या संध्याकाळी रडत वडिलांना सारे सांगितले.

वडील रागावले नाहीत. कांद्याच्या वाफ्याकडे बोट दाखवून एवढेच म्हणाले, "इतली घाई काब्र करस, माय? रोप रोज उपटीसन पाह्यं तर ते मूळ धरी का?"

दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने धुळे गाठले. डॉक्टरांनी आधी विचारले, "गोळी घेता कशी?" मी म्हटले, "चहाबरोबर. लोहाची गोळीही तेव्हाच." ते हसले. चहाने हे औषध अंगी कमी लागते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तर चार तास दूर हवी. म्हणजे मात्रा अपुरी पडली त्यात माझ्या चहाचाही वाटा असावा! त्यांनी पुन्हा 75 वर आणले. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने.

मग त्यांनी सहा आठवड्यांचे गणित समजावले. हे औषध रक्तातून निम्मे ओसरायलाच सात दिवस लागतात. त्यामुळे नवी मात्रा स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टी.एस.एच. तिच्या मागून सावकाश येतो. त्याआधीचा आकडा अर्ध्या वाटेवरचा. मात्रेत 25 चा फरक क्षुल्लक वाटतो खरा, पण एक ग्रॅम औषध मला रोज 75 च्या हिशेबाने छत्तीस वर्षे पुरेल! इतक्या सूक्ष्म तराजूत मी मूठभर टाकू पाहत होते.

यंदा सहा आठवडे मी निमूट मोजले. कॅलेंडरवर रोज एक फुली. त्या फुल्यांखाली थकवा, झोप, नाडीचे ठोके लिहिले. चौथ्या आठवड्यात एका तासाला मी जागी आहे, हे सरांनाच आधी जाणवले! सहाव्या आठवड्याचा आकडा योग्य मर्यादेत आला.

त्या पेपराचे गुण कमीच मिळाले. त्याचे दुःख आहे. पण मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणाची मात्रा बदलली असेल, तर एवढेच सांगते : कांद्याचे रोप वाफ्यात वाढते तेवढे दिवस शरीरालाही द्या.