सहा वर्षांखालचं लेकरू कोणाचं?

माझी मुलगी साडेतीन वर्षांची. मी वहीत नोंद ठेवते: गोल काढला, तीन शब्दांचं वाक्य बोलली, स्वतःचं नाव सांगितलं. मी शिकले म्हणून हे जमतं. गडचांदूरच्या आसपास कापूस वेचायला जाणाऱ्या आईने अशी वही कधी लिहायची? अंगणवाडीत वजन-उंची लिहितात. मूल बोलतं का, हे कोण विचारतं? आणि कोलामी-गोंडी बोलणारं लेकरू मराठीत गप्प राहिलं की ‘मागे’ ठरतं.

संविधानाच्या मूळ कलम 45 मध्ये 14 वर्षांपर्यंतची सर्व मुलं होती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क 6 ते 14 वयालाच दिला. त्याखालच्यांसाठी राज्याचा फक्त ‘प्रयत्न’ उरला.

मित्रांनो, ‘शिका’ हा आदेश सहाव्या वर्षी सुरू होत नाही. वस्तीतल्या अंगणवाडीत जा. प्रत्येक लेकराची वाढ त्याच्याच भाषेत तपासायला लावा.

जय भीम!