संथ वाढीचें रोपटें

भराभर वाढणाऱ्या वस्तूचें कौतुक सर्वांनाच असतें. हळूहळू वाढणारीकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. अशाच एका रोपट्याची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आज आमचा मानस आहे.

आमच्या घरीं माशांची दोन फूट लांबीची कांचपेटी आहे. तींत मागील बाजूस उंच पाणवनस्पति आहेत व पुढें, वाळूलगत, क्रिप्टोकोरिन पार्व्हा नांवाचें रोपटें आहे. हें मूळचें श्रीलंकेचें व अळूच्या कुळांतील. डी विट नामक डच वनस्पतिशास्त्रज्ञानें १९७० सालीं त्यास हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत क्रिप्टोस म्हणजे गुप्त व कोरिनी म्हणजे गदा. याच्या फुलांचा दांडा आवरणांत दडलेला असतो. पार्व्हा म्हणजे लहान. उंची अवघी ५ ते १० सेंटिमीटर. याचे एक भावंड, क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस, आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आढळतें.

रोपवाटिकेंत हीं रोपें बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेंत वाढवितात. त्यामुळें पाण्याखालीं लाविल्यावर जुनीं पानें पुष्कळदां विरघळून जातात. नवखा मनुष्य रोप मेलें असें समजून उपटून टाकतो. वास्तविक मुळें जिवंत असतात. तीं न हलवितां राहूं दिलीं, तर कांहीं आठवड्यांनीं पाण्यांतील राहणीस योग्य अशीं नवीं पानें फुटतात. हें रोपटें आपलें अन्न मुख्यत्वें मुळांवाटे घेतें, म्हणून खताची गोळी वाळूंत पुरावी. उजेड चांगला हवा, मागच्या उंच झाडांची सावली पडूं देऊं नये. परंतु दिवा अति वेळ ठेविल्यास संथ वाढणाऱ्या पानांवर शेवाळ चढतें. दोन रोपांत थोडें अंतर ठेवावें. तीं एकमेकांस भिडून हिरवी सतरंजी होण्यास सहा महिने, कधीं वर्षही लागतें.

आमच्या धाकट्या चिरंजीवास बोलणें उशिरा आलें. आज सातव्या वर्षींही जोडाक्षर दिसलें कीं तो थबकतो. सोयरेधायरे आले म्हणजे इतर मुलांच्या हुशारीच्या गोष्टी काढतात. त्यांचा हेतु चांगलाच असतो. परंतु मूल ऐकत असतें, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

रोपें लाविल्यावर पंधरा दिवसांत सारीं पानें झडलीं. तेव्हां घरीं आलेल्या एका पाहुण्यांनीं तीं काढून दुसरें कांहीं जलद वाढणारें लावण्याचा सल्ला दिला. चिरंजीव पेटीपाशीं उभा होता. तो अडखळत म्हणाला, “बाबा, मुळं आहेत ना?”

“आहेत,” आम्हीं सांगितलें.

“मग राहूं द्या.”

त्या दिवसापासून दर शनिवारीं तो पानें मोजून आंकडा वहींत लिहितो. आरंभीं कित्येक आठवडे शून्यच लिहावें लागलें. पण त्यानें एकही शनिवार चुकविला नाहीं. पुढें एक पान आलें, मग दोन. गेल्या शनिवारचा आंकडा एकोणीस आहे. हा शब्द त्यानें आंकड्याखालीं अक्षरांतही लिहिला आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांत वाचतां वाचतां थांबणारा एखादा सोबती असेल, तर त्याचें वाक्य तुम्ही घाईनें पुरें करूं नका. थोडा वेळ लागेल. तें त्याचें त्यालाच पुरें करूं द्या.