खिडकीतून दर्शन

घरच्या हार्ड डिस्कमधले फोटो निवडायचं काम सध्या माझ्याकडे आलंय. डीएससी_०४१२, डीएससी_०४१३... नावावरून काय कळणार! पण फोल्डरमध्येच बोटभर चित्रं दिसतात. मॅकवर तर २००७ पासून फाइल निवडून स्पेसबार दाबला, की ती न उघडताच मोठी दिसते. गाणं असेल तर वाजतंही. विंडोजमध्ये ऑल्ट आणि पी एकदम दाबलं, की बाजूला प्रिव्ह्यूचा कप्पा उघडतो. फार सोय झाली.

हे करताना मला आपलं शिरपूर जैन आठवत राहतं. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर दिगंबर-श्वेतांबर वादात १९८१ साली बंद झालं, ते २०२३ मध्ये उघडलं. मधली ४२ वर्षं लोक एका लहानशा खिडकीतून दर्शन घेत होते. खिडकीने ओढ टिकवली. पण 'आता दार कशाला हवं?' असं काही कोणी म्हटलं नाही.

फोटोंच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतो. बोटभर चित्र बघायचं, 'हा पुसट, हा तर तसाच' म्हणायचं आणि उडवून टाकायचं. मागे दारात उभे असलेले आजोबा त्यात दिसतच नाहीत. आवाजाच्या फाइलींना तर चेहराच नसतो. आजीची ओवी आणि मोबाइलची रिंगटोन शेजारी शेजारी, दिसायला अगदी सारख्या!

म्हणून ठरवलंय, शोधायचं खिडकीतून, पुसायचं मात्र दार उघडून, नीट बघून-ऐकूनच. वेळ लागेल. भावंडांनो, सीडीची घाई करू नका.